मास्तरीणबाईंच्या कॉम्प्युटरचे माप

ज्या व्यक्तीविषयी मी लिहीत आहे, त्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील शिवणकामाच्या दुकानाच्या मालकीण आहेत. सर्व लोक त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. मी त्यांच्या दुकानात एकोणीस वर्षे काजे-बटणांचे काम करीत आहे. तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजते. परवानगी विचारली तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा, मावशी. पण खरं लिहा. आणि माझं वय लिहू नका." म्हणून वय लिहिलेले नाही.

मास्तरीणबाईंचा सर्वांत मोठा गुण म्हणजे माप. माणूस दाराच्या चौकटीतून आत येईपर्यंत त्यांच्या मनात त्याची छाती, कंबर व बाही मोजून झालेली असते. एकदा आमचे जुने गिऱ्हाईक असलेले वकीलसाहेब दारात उभे राहिले. मास्तरीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "या. गेल्या खेपेपेक्षा दीड इंच जास्त." वकीलसाहेब आल्या पावली परत गेले आणि दोन महिने रोज सकाळी चालून मगच कापड घेऊन आले.

त्यांच्या मापाच्या वहीची एक खास पद्धत आहे. कपडा शिवताना अंगापेक्षा थोडे कापड जादा धरावे लागते, त्याला माया म्हणतात. इतर दुकानांत वहीमध्ये अंगाचे माप लिहितात आणि कापताना माया मिळवतात. मास्तरीणबाई मात्र टेप लावतानाच मनातल्या मनात माया मिळवतात आणि वहीत तयार आकडा लिहितात. "कात्री हातात असताना बेरीज करायची नाही," असे त्यांच्या गुरूंनी त्यांना बजावले होते. त्यामुळे टेप एक आकडा दाखवते आणि वहीत दुसराच असतो. इतक्या वर्षांत या पद्धतीने एकही कपडा बिघडला नाही. एक कोट सोडून. त्या कोटाविषयी पुढे लिहीन.

दुकानात कापायच्या टेबलामागे एक कॉम्प्युटर आहे. तो अकरा वर्षांपूर्वी भरतकामाच्या नक्ष्या काढण्यासाठी घेतला होता. पुढे भरतकामाचे मशीन विकले, परंतु कॉम्प्युटर राहिला, कारण दरम्यान त्यात मोटारींच्या शर्यतीचा खेळ आला होता. या खेळात डोंगरातून, चिखलातून गाडी पळवायची असते. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने नकाशा पाहून पुढचे वळण सांगायचे. दोघे दोन गावांत असले तरी चालते. गाडी मास्तरीणबाई चालवतात. वळणे सांगण्याचे काम त्यांची थोरली बहीण करते, जिला त्या अक्का म्हणतात.

अक्कांनी बत्तीस वर्षे बसमध्ये कंडक्टरची नोकरी केली आणि आता त्या दुसऱ्या शहरात निवृत्त जीवन जगत आहेत. परंतु नोकरी त्यांच्या अंगातून गेलेली नाही. दर रविवारी दुपारी चार वाजता त्या स्टीलच्या पेल्यावर चमच्याने दोनदा वाजवतात. मग गाडी सुटते. एकदा वाजवले म्हणजे थांबायचे. रविवारी दुपारी दुकान बंद असल्यामुळे मी निवांतपणे काजे करीत बसते आणि स्पीकरमधून येणारा त्यांचा आवाज ऐकते. "डावं, घट्ट. पुढे पूल. उजवं, सैल. मधे उभं राहू नका, आत सरका." शेवटचे वाक्य सवयीने निघते. गाडीत दुसरे कोणीही नसते.

आता कोटाविषयी. तीन वर्षांपूर्वी अक्कांच्या निवृत्तीचा समारंभ होता आणि त्यासाठी मास्तरीणबाईंनी त्यांना कोट शिवून पाठवला. समारंभात अक्का भाषणाला उभ्या राहिल्या, त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि मधले बटण उडून थेट डेपो मॅनेजरच्या चहात पडले. उरलेला सर्व वेळ अक्का हाताची घडी घालून बसल्या. सत्काराचा गुच्छदेखील त्यांना कोपराने धरावा लागला. त्याच सायंकाळी त्यांचा फोन आला.

"तुझं माप चुकलं."

"माझं माप चुकत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माप दिल्यावर तू किती जेवलीस ते सांग."

आठवड्याभरात कोट टपालाने परत आला, एका बटणाने कमी. ते बटण मी लावले होते, म्हणून माझे एवढेच म्हणणे होते की दोरा तुटलेला नाही, कापड फाटले आहे. तेव्हा ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. कोट एका हँगरवर लटकला तो तसाच राहिला. दोघी बहिणींचे फोन थांबले, येणे-जाणे थांबले. फक्त रविवारची शर्यत तेवढी थांबली नाही. तीन वर्षे त्या एकमेकींशी डावे-उजवे, घट्ट-सैल याखेरीज एक शब्द बोलल्या नाहीत. तरीही मास्तरीणबाई रविवारी जेवण झाल्यावर घड्याळाकडे कितीदा पाहतात, हे मला समोर बसून दिसत असे.

अशा स्थितीत खेळ चालवणाऱ्या मंडळींनी जाहीर केले की जुना खेळ बंद होऊन नवा सुरू होणार. नव्या खेळात चिखल खऱ्यासारखा दिसतो, गवत हलते आणि रस्त्याच्या कडेचे प्रेक्षक टोप्या हलवतात. एका रविवारी तो खेळ लावून पाहिला, पण आमच्या कॉम्प्युटरला त्या टोप्या पेलवल्या नाहीत. तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. गाडी वळणाच्या अलीकडे दिसे आणि त्यानंतर एकदम ओढ्यात दिसे. मधला प्रवास तो आम्हाला दाखवीतच नसे.

"धाकटे, कुठे आहेस?" अक्कांनी विचारले.

"वळणावर."

"तू ओढ्यात आहेस."

"माझ्याकडे अजून वळणच आलेलं नाही."

 मग अक्का म्हणाल्या, "जुना खेळ शनिवारी बंद होतोय. पुढच्या रविवारी चारला मी नव्या खेळात असणार. आलीस तर आलीस. नाहीतर आमच्या खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर मला वळणं सांगा म्हणून दोन महिने माझ्या मागे लागलाय."

मास्तरीणबाईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत राहिल्या. "दातवाला," त्या शेवटी म्हणाल्या. "मावशी, दातवाला गाडी चालवणार."  बहिणीशी बोलायला रविवारची ही एकच खिडकी उरली होती, आणि तिच्यात आता एक दातांचा डॉक्टर येऊन बसणार होता.

गुरुवारी आम्ही दोघी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तेथील दुकानदारांना सर्व जण बघूकाका म्हणतात, कारण कोणताही प्रश्न विचारला तरी ते आधी चष्मा कपाळावर चढवतात आणि "बघू" म्हणतात. निघण्यापूर्वी मास्तरीणबाईंनी कॉम्प्युटरचे झाकण काढून आत टेप लावली होती आणि वहीत नोंद केली होती.

"कॉम्प्युटर आणला नाहीत?" बघूकाकांनी विचारले.

"गिऱ्हाइकाला कापडाच्या दुकानात न्यावं लागत नाही. माप पुरतं."

बघूकाकांनी कॉम्प्युटरची सर्व हकीकत ऐकून घेतली. मग ते म्हणाले की मुख्य दोष चित्र काढणाऱ्या भागाचा आहे, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. ते नवीन घ्यावे लागेल. शिवाय रॅम वाढवावी, जुनी हार्ड डिस्क काढून जलद प्रकारची बसवावी आणि एवढ्या सगळ्यांना पुरेल असा पॉवर सप्लायही घ्यावा. प्रोसेसर मात्र जुनाच ठेवला तर चालेल का, या प्रश्नावर ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले.

"बघू. म्हणजे असं की कार्ड फार भारी घेतलं आणि प्रोसेसर जुना राहिला, तर कार्ड नुसतं बसून राहील."

"कापणारे चार आणि शिवणारी एक," मास्तरीणबाई म्हणाल्या.

बघूकाकांनी चष्मा खाली आणून त्यांच्याकडे नीट पाहिले. "असंच. अगदी असंच."

"मग मधलं दाखवा. शिवणारीला झेपेल असं."

त्यांनी रॅमच्या दोन पट्ट्या मांडल्या. मास्तरीणबाईंनी दोन्ही खिडकीच्या उजेडात धरल्या आणि सांगितले की या एका ताग्यातल्या नाहीत, मला एकाच ताग्यातल्या हव्यात, नाहीतर जोडावर फरक दिसतो. बघूकाका आत गेले आणि एकाच पाकिटातील जोडी घेऊन आले. "बरोबर बोललात. जोडीचीच लावावी," असे ते म्हणाले. ते "बघू" न म्हणता बोलल्याचे मी प्रथमच ऐकले.

कार्डे त्यांनी तीन दाखवली. पहिल्याला सात रंगांचे दिवे होते. "मला हे घालून मिरवायचं नाही," असे म्हणून मास्तरीणबाईंनी ते बाजूला सारले. दुसरे आखूड होते आणि त्याला दोन पंखे होते. तिसरे लांब, तीन पंख्यांचे होते. त्यांनी तिसरे हातात घेऊन उलटे केले, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "आटतं का?"

"काय?"

"गरम होतं म्हणालात ना. गरम झालं की आटतं का?"

"आजवर तरी कोणाची तक्रार आली नाही," बघूकाका म्हणाले. "मी म्हणेन आखूड घ्या. दोन्ही कार्डांत चित्र सारखंच दिसतं. लांब तेवढं थंड राहतं. तुमच्या डब्यात जागा किती?"

मास्तरीणबाईंनी वही उघडली. "बारा इंच."

मी लांब कार्डाच्या खोक्यावरील सर्व मजकूर वाचला. तो वाचायला वेळ लागला, परंतु दोघेही थांबले. त्यावर लांबी तीस सेंटिमीटर दिली होती. बघूकाकांनी हिशेब करून सांगितले की हे बारा इंचांना जरासे कमीच भरते.

"मग लांब द्या. कापड असताना आखूड का शिवायचं?"

"एकदा डबा आणला असता तर—"

"माप आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

रविवारी सकाळी दहा वाजता कापायच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून आम्ही काम सुरू केले. मास्तरीणबाईंनी शिलाई मशीनच्या स्क्रू ड्रायव्हरने सर्व भाग एकेक करून बदलले. रॅमच्या पट्ट्या चपखल बसल्या. हार्ड डिस्क बसली. पॉवर सप्लाय बसला आणि त्याच्या तारा त्यांनी धाग्याने बांधून एका रेषेत केल्या. मग कार्ड उचलले आणि ते डब्यात जाईना. एक टोक खाचेत धरले की दुसरे डब्याच्या पत्र्यावर आपटे. तिरके घालून पाहिले, उलट बाजूने घालून पाहिले. त्या कार्डाशी गोडीगुलाबीनेही बोलून झाले.

त्यांनी टेप लावली. अकरा इंच. वही उघडली. बारा इंच. पुन्हा टेप लावली. अकरा.

"डबा आटलाय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बाई, लोखंड आटत नाही."

"अकरा वर्षं गरम होतोय, मावशी. काहीही आटेल."

मी हातातील काम खाली ठेवले. जे दिसत आहे ते न सांगणे मला योग्य वाटले नाही. "बाई, तुम्ही वहीत माया मिळवून लिहिता," मी म्हणाले.

त्यांनी वहीकडे पाहिले, डब्याकडे पाहिले आणि पुन्हा वहीकडे पाहिले. "मी कॉम्प्युटरला माया धरली," त्या हळूच म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या. "लोखंडाच्या डब्याला. जणू तो दिवाळीचा फराळ खाऊन जाडा होणार होता."

"इंचभरच," मी धीर दिला.

बघूकाकांचे दुकान रविवारी बंद असते, म्हणून त्यांना घरी फोन केला. कार्ड सोमवारी बदलून देतो म्हणाले. मास्तरीणबाईंनी सांगितले की सोमवारपर्यंत दातवाला गाडीत बसलेला असेल. हे वाक्य त्यांना कळले नसावे, पण त्यातील निकड कळली.

"बघू," ते म्हणाले. "तसं डब्यावाचून काही अडत नाही. डबा म्हणजे नुसता अंगरखा. आतला माल बाहेर लाकडी फळीवर मांडलात तरी चालतो."

मास्तरीणबाई ताडकन उठल्या. "उसवा," त्या मला म्हणाल्या.

अर्ध्या तासात आम्ही तो कॉम्प्युटर पूर्ण उसवला. सर्व भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड बाह्यांना इस्त्री करायच्या लाकडी फळीवर ठेवला आणि कार्ड त्याच्या खाचेत सुरेख बसले. परंतु ते लांब आणि जड असल्यामुळे पुढचे टोक खाली लोंबू लागले. त्याला वरून आधार हवा होता. मास्तरीणबाई म्हणाल्या की हँगर आणि इलॅस्टिकची पट्टी पुरेल. दुकानातील सर्व हँगरांवर गिऱ्हाइकांचे तयार कपडे होते आणि ते काढून दुसरीकडे टाकणे आमच्या दुकानाच्या शिस्तीत बसत नाही. एकच हँगर असा होता की ज्याच्यावरच्या कपड्याला तीन वर्षांत कोणी हात लावला नव्हता.

मास्तरीणबाईंनी कोट काढला. त्या त्याची घडी घालू लागल्या आणि मधेच थांबल्या. त्यांचा अंगठा आतल्या शिवणीवरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"मावशी, तीन वर्षांपूर्वीची वही काढा. अक्काचं पान."

मी पान शोधले. छातीचा आकडा होता आणि त्याच्यापुढे त्यांच्याच अक्षरात दोन शब्द होते: फोनवर सांगितलेले. म्हणजे माप अक्कांनी स्वतः घेऊन फोनवर कळवले होते. ते अंगाचे माप होते. मास्तरीणबाईंनी ते ऐकले तसे लिहिले आणि कापताना तयार माप समजून कापले. त्या कोटात माया नव्हतीच.

चार वाजायला वीस मिनिटे होती.

"अक्कांना सांगायला हवं," मी म्हणाले.

"शर्यत झाल्यावर."

"बाई."

"बघू," मास्तरीणबाई म्हणाल्या.

चालू करण्याचे बटण डब्यातच राहिले होते. बघूकाकांनी फोनवर सांगितले त्याप्रमाणे मास्तरीणबाईंनी कात्रीचे टोक दोन बारीक खुंट्यांना टेकवले आणि कॉम्प्युटर सुरू झाला. बटणाशिवाय एखादी वस्तू सुरू व्हावी, हे मला अजूनही पटलेले नाही. परंतु तो गिरणीसारखा घरघरला नाही. हँगरला लटकलेल्या कार्डाचे तीनही पंखे शांतपणे फिरू लागले आणि पडद्यावर डोंगर दिसला. गवत हलत होते. प्रेक्षक टोप्या हलवत होते.

बरोबर चार वाजता स्पीकरमधून आवाज आला. टिंग टिंग.

"आलीस म्हणजे," अक्का म्हणाल्या.

"आले."

"डावं, सैल. पुढे चढ. डबा बदललास?"

"डबा काढला."

"उजवं, घट्ट. आत सरका."

गाडी अशी पळाली की मी सुई टोचून घेतली. दोन पूल गेले, एक ओढा गेला, आणि या वेळी तो ओढा आम्हाला आधीपासून दिसत होता. मास्तरीणबाईंची मान ताठ होती. तिसऱ्या पुलानंतर त्यांनी घसा साफ केला.

"अक्का, कोटाचं माप चुकलं होतं."

"डावं, घ—काय म्हणालीस?"

पुढचे वळण अक्कांनी सांगितलेच नाही. गाडी सरळ गेली, कुंपण मोडून गवताच्या गंजीत शिरली आणि टोप्यावाले चार प्रेक्षक बाजूला उड्या मारताना अगदी स्पष्ट दिसले. टिंग. एकदाच वाजले.

"परत म्हण," अक्का म्हणाल्या.

"तू दिलेलं अंगाचं माप मी तयार माप म्हणून कापलं. माया धरली नाही. कोट घट्ट झाला तो माझ्यामुळे."

"मोठ्यानं म्हण. खाली डॉक्टर घरी आहेत, त्यांनाही ऐकू दे."

मास्तरीणबाईंनी मोठ्याने म्हटले. गवताच्या गंजीत गाडीची चाके नुसतीच फिरत होती. मग अक्कांचा आवाज आला, पण कंडक्टरचा नव्हता.

"धाकटे, एक सांगू? माप घेताना मी पोट आत घेतलं होतं."

"किती?"

"होतं तेवढं सगळं."

मास्तरीणबाई हसू लागल्या. त्या हसत असताना एरवी आवाज होत नाही, फक्त टेप हलते. त्या दिवशी आवाज झाला. ही संधी पाहून मी पुढे झाले आणि स्पीकरजवळच्या माइकमध्ये स्वच्छ शब्दांत सांगितले की त्या बटणाचा दोरा तुटलेला नव्हता.

"या कोण?" अक्कांनी विचारले.

"काजेवाल्या मावशी."

"मावशी, चहातून काढलं तेव्हा दोरा बटणाला होताच. कापडाचा तुकडाही होता. तो दोरा अजून सुटलेला नाही, बटण माझ्याकडेच आहे."

तीन वर्षांनी का होईना, हे मान्य झाले याचे मला समाधान वाटले. मी त्यांचे आभार मानले व पुन्हा काजे करू लागले. टिंग टिंग वाजले. गाडी मागे घेऊन गंजीतून निघाली आणि त्या शर्यतीत आमच्या गाडीचा शेवटून दुसरा क्रमांक आला. आमच्या मागे एकच गाडी होती. ती दुसऱ्या कुणाला तरी घेऊन उतरलेल्या दातांच्या डॉक्टरांची होती, आणि अक्कांच्या म्हणण्याप्रमाणे ती प्रत्येक वळणावर थांबून आत काय दुखते ते पाहत होती.

पुढच्या महिन्यात अक्का स्वतः आल्या. बटण त्यांनी रुमालात बांधून आणले होते. मास्तरीणबाईंनी त्यांना दारात उभे असतानाच मोजले असेल, पण काही बोलल्या नाहीत. त्यांनी टेप हातात घेतली आणि म्हणाल्या, "श्वास सोड. सगळा." आता वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने आहेत, अंगाचे आणि तयार. नवा कोट ऐसपैस झाला आणि त्याला जुनेच बटण मी चार पदरी दोऱ्याने लावले.

आखूड कार्ड आणायला बघूकाकांकडे कोणी गेले नाही. कॉम्प्युटर अजूनही फळीवर आणि कार्ड हँगरवर आहे. गिऱ्हाइके विचारतात, तेव्हा मास्तरीणबाई सांगतात की तो ट्रायलला आला आहे. धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्याला निळ्या कापडाचा अंगरखा शिवला आहे. चालू करण्यापूर्वी तो काढावा लागतो. त्याला सहा काजे आहेत, ती मी केली. अंगरख्याला सर्व बाजूंनी भरपूर माया ठेवली आहे.